दुसरा खांदा

यात्रांच्या दिवसांत खेतमाळीस गुरुजींच्या उजव्या गालाला नेहमी माती लागलेली असे. चैत्र-वैशाखात श्रीगोंदा तालुक्यात गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. गुरुजी या कुस्त्यांचे पंच होते. इतर पंच उभ्याने निकाल देत, फार तर कमरेत वाकत. गुरुजी पैलवानांच्या शेजारी पालथे पडत, गाल मातीला लावत आणि एक डोळा मिटून खालच्या पैलवानाची पाठ आणि जमीन यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहत. उजेड दिसला की हात वर करून हलवत. कुस्ती चालू राही. उजेड बुजला की तळहात जमिनीवर आपटत. कुस्ती संपे.

"पाठीला माती लागली म्हणजे चीत न्हाई," ते म्हणत. "माती सगळ्यांच्याच पाठीला लागती. दोन्ही खांदे टेकले पाहिजेत. एका वक्ताला."

सत्तर सालानंतरची काही वर्षे मी नगरच्या एका दैनिकाचा श्रीगोंद्याचा वार्ताहर होतो. सभा, अपघात, उसाच्या बातम्या आणि हंगामात कुस्त्यांचे निकाल पाठवणे हे काम. निकाल अचूक हवेत म्हणून गुरुजींकडे जाणे सुरू झाले. पुढे त्यांच्याच घरामागची खोली भाड्याने घेतली. ते मला नावाने हाक मारत नसत. "बातमीदार" म्हणत.

त्यांचे पूर्ण नाव रंगनाथ खेतमाळीस. प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. अंगाने रुंद, मान आखूड, कान कुस्तीने मोडलेले. तरुणपणी आखाड्यात उतरले होते, पण पैलवान म्हणून त्यांचे नाव झाले नाही. याविषयी त्यांना वाईट वाटत असल्याचे कधी दिसले नाही. "मी लई वेळा पडलो," ते सांगत. "पडणाऱ्यालाच कळतं कुठला खांदा आधी टेकतो ते. जिंकणारा वरच्या अंगाला असतो, त्याला काय दिसतंय?"

त्यांच्या काटेकोरपणाची एक गोष्ट तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. एका गावात सरपंचाचा पुतण्या कुस्तीला उभा होता. त्याने समोरच्याला पाडले, छातीवर बसला, हलगी कडकडली, लोक आत घुसले, सरपंचाने पुतण्याला बांधण्यासाठी फेटा हातात घेतला. गुरुजी अजून पालथेच होते आणि त्यांचा हात हवेत हलत होता.

"गुरुजी, उठा की! झाली कुस्ती," सरपंच म्हणाला.

"न्हाई झाली. डावा वर हाय."

"सगळ्या गावानं बघितली."

"गावानं वरनं बघितली."

लोकांनी आरडाओरडा केला. कोणीतरी वहाण भिरकावली, ती गुरुजींच्या पाठीला लागली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि हौद्यात, कुस्तीच्या मातीत, मधोमध मांडी घातली. कुस्ती पुन्हा लावल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. शेवटी ती पुन्हा लावावी लागली. सरपंचाच्या पुतण्याने समोरच्याला दुसऱ्यांदा, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाडले. गुरुजींनी गाल मातीला लावला आणि लगेच तळहात आपटला.

"मग मघाशी काय बिघडलं हुतं?" सरपंचाने चिडून विचारले. "जिंकायचा तो जिंकलाच ना?"

"मघाशी न्हवता जिंकला," गुरुजी गालावरची माती न पुसता म्हणाले. "आता जिंकला. बांधा फेटा."

शाळेतही हीच भाषा. गणिताची रीत बरोबर आणि उत्तर चूक असले की पाटीवर बोट ठेवून ते म्हणत, "एकच टेकला." मुलांच्या तोंडी ते इतके बसले होते की डबा अर्धा संपला तरी एकच खांदा टेकला म्हणत. एकदा एक मुलगा उशिरा वर्गात आला आणि दारातच उभा राहिला. गुरुजींनी कारण विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, आज्याचे दोन्ही खांदे टेकले." वर्गातली काही मुले हसली. गुरुजींनी खडू खाली ठेवला, वर्ग शेजारच्या बाईंकडे दिला आणि त्या मुलाचा हात धरून त्याच्या घरी गेले. सरण रचून होईपर्यंत परतले नाहीत. मुलाला त्यांनी काही बोलू दिले नाही आणि स्वतःही काही बोलले नाहीत, असे त्या घरच्यांनी नंतर मला सांगितले.

त्यांच्या पत्नीचे नाव हौसाबाई. मुलगी राहात्याला दिलेली होती, घरात दोघेच. हौसाबाईंना कुस्तीतले काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. गुरुजी यात्रेहून आले की त्या तांब्याभर पाणी आणि ओला पंचा पुढे करत. "आधी गाल पुसा. शाळामास्तर हाय का कुंभार?"

आजार आधी हौसाबाईंना दिसला. गुरुजी वहाणा काढत तेव्हा पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटलेले असत आणि ते लवकर भरून येत नसत. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या. गुरुजींनी दोष वहाणांना दिला आणि चांभाराकडून पट्टे सैल करून आणले. पुन्हा वळ उमटले. पुन्हा सैल केले. हौसाबाई म्हणाल्या, "पाय चांभाराला दाखवून भागायचं न्हाई." मग एका रविवारी त्यांना एसटीने नगरला नेले. सोबत मी होतो, कारण नगरचे दवाखाने मला माहीत होते.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी लघवी तपासली, रक्त घेतले, रक्तदाब दोनदा मोजला. पुढच्या खेपेला निदान सांगितले. दोन्ही मूत्रपिंडे आकसत चालली होती. आजार जुना होता, कळला आता. बरा होण्यातला नव्हता. उरलेल्या मूत्रपिंडांकडून जपून काम करून घेणे एवढेच हाती होते. मुंबईला रक्त धुण्याचे यंत्र आले आहे असे ते म्हणाले, पण त्या वाटेने जाण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही आणि कोणी तो विचारलाही नाही. मीठ बंद. डाळी, दूध, मटण, अंडी बंद. भात, साबुदाणा, साखर, थोडे तूप चालेल. लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी. आणि आखाडा बंद.

"शाळा?" गुरुजींनी विचारले.

"झेपेल तितकी."

"आणि पंचगिरी?"

"आखाडा म्हणजे तेच," डॉक्टर म्हणाले. "कुस्ती तुम्ही तशीही खेळत नाही."

गुरुजींच्या आयुष्यात यापुढे जे काही पणाला लागले ते या एका वाक्याभोवती. त्यांना मरणाची भीती वाटत होती की नाही हे सांगता येणार नाही. उभ्याने निकाल देणारे पंच आपल्या जागी येतील, याची मात्र वाटत होती. ते त्यांनी अनेकदा बोलून दाखवले.

मीठ बंद झाले त्या दिवसापासून हौसाबाईंनी स्वतःचेही बंद केले. गुरुजींना हे बऱ्याच उशिरा कळले. एकदा हौसाबाईंच्या ताटातली भाजी त्यांनी चाखली आणि ती आपल्याइतकीच अळणी लागली.

"तुला कशापायी?"

"एका चुलीवर दोन चवी व्हत न्हाईत."

"आजार मला झालाय."

"व्हय, आन सैपाक मला."

मी जेवायला असलो की माझ्यासाठी मिठाची वाटी वेगळी येई. गुरुजी ती वाटी बोटाने माझ्या ताटापलीकडे सरकवत, आपला हात सहज पोचणार नाही इतक्या अंतरावर. मग जेवत. ते हे विनोदाने करत नसत.

गावाने आपल्या परीने उपचार चालवले. कोणी घेटुळीची मुळे आणून दिली, कोणी गोखरूचा काढा. तालमीतली पोरे बदाम घोटून थंडाई घेऊन आली. गुरुजींनी ती आपल्यासमोर त्यांनाच प्यायला लावली. पैलवानाच्या जगात अंगाला येणाऱ्या कोणत्याही दुखण्याचे मूळ दोनच गोष्टींत असते, खुराक कमी पडला किंवा मेहनत. खुराक डॉक्टरांनी काढून घेतला होता. मेहनत शिल्लक होती. पुढे जी चूक झाली तिची मुळे इथे आहेत.

पावसाळा संपता संपता, जो त्या वर्षी पडलाच नव्हता, आम्ही पुन्हा नगरला गेलो. सुजेच्या या आजारात रक्तातली चरबीही वाढते, म्हणून डॉक्टरांनी मागच्या खेपेला रक्त पुण्याला पाठवले होते. कोलेस्टेरॉल हा शब्द तेव्हा आमच्या भागात नवा होता. मी तो इंग्रजी मासिकात वाचला होता, उच्चारलेला ऐकला नव्हता.

"कोलेस्टेरॉल चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे काय, साहेब?"

"रक्तातली चरबी. फार वाढली तर हृदयाच्या नळ्यांत साचते. तुमची वाढलेली नाही."

"म्हणजे काळीज शाबूत."

"एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तुमचं ब्लडप्रेशर आहे. मूत्रपिंड बिघडलं की हृदयावर ताण येतोच."

"पण हे चांगलं आहे."

"हे चांगलं आहे."

गुरुजी माझ्याकडे वळले. डॉक्टरांच्या खोलीत ते शाळेतली मराठी बोलत, माझ्याशी बोलताना घरची आली. "बघा बातमीदार. एकच टेकलाय. दुसरा अजून वर हाय."

डॉक्टरांना अर्थ लागला नाही. मी पंचगिरीची हकिगत थोडक्यात सांगितली. ते गोळ्यांची नावे लिहीत होते, मान वर न करता हसले आणि म्हणाले, "गुरुजी, दोन्ही खांदे एकाच पाठीला असतात."

गुरुजीही हसले. त्यांना ते बोलणे आवडले असावे. पण परतीच्या एसटीत त्यांनी डॉक्टरांचे पहिले वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले, शेवटचे एकदाही नाही.

त्यांच्या नियमाप्रमाणे यात काही चूक नव्हती. एक खांदा वर असेल तर माणूस हरलेला नसतो, हेच त्यांनी आयुष्यभर हजारो लोकांच्या ओरडण्यासमोर सांगितले होते. मूत्रपिंड हा टेकलेला खांदा, हृदय हा वर राहिलेला. श्रीगोंद्याला पोचेपर्यंत त्यांचा निकाल झाला होता, कुस्ती चालू.

हौसाबाईंना तो शब्द काही केल्या लक्षात राहिला नाही. त्या त्याला 'पुण्याचं चांगलं' म्हणत. शेजारणी चौकशीला आल्या की सांगत, "किडनीचं हाय तसंच हाय, पण पुण्याचं चांगलं हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळे. त्या आजारात चांगले म्हणावे असे त्यांना दुसरे काही कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर गुरुजींना दम लागू लागला. शाळेच्या चढावर ते मध्येच थांबत आणि थांबण्याला निमित्त म्हणून एखाद्या मुलाचे नाव विचारत, ज्याचे नाव त्यांना माहीत असे. रात्री आडवे झाले की गुदमरायला होई. मग हौसाबाई गोधड्यांची चळत करून पाठीशी लावत आणि ते बसून झोपत. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या वाढवल्या, विश्रांती घ्यायला बजावले. गुरुजींनी गोळ्या घेतल्या.

विश्रांती घेतली नाही. दम लागतो तो मेहनत सुटल्यामुळे, हे त्यांना तालमीने शिकवले होते. नव्या पोरांना दम लागला की ते हौदा खणायला लावत. तेच औषध त्यांनी स्वतःला दिले. उजाडताना तालमीत जायचे, फावड्याने हौद्यातली माती वरखाली करायची. चार फावडी मारून टेकायचे, पुन्हा उठायचे. दुष्काळ होता, हौद्याला शिंपायला पाणी नव्हते, माती फुफाट्यासारखी उडे. तालमीचा वस्ताद म्हातारा होता. त्याने एकदा हटकले.

"गुरुजी, ऱ्हाऊ द्या. पोरं खणतील."

"पोरांचा दम चांगलाय. माझा मोडलाय, तो वाढवायला नगं?"

"छातीबिती न्हाई ना दुखत?"

"दुखंल कशाला? काळीज तपासून घेतलंय पुण्यात."

वस्तादाचे समाधान झाले. त्याच्याही शास्त्रात यापेक्षा वेगळे उत्तर नव्हते. तालमीत त्या दिवशी कोणालाही विचारले असते तरी त्याने हेच सांगितले असते, की दम मोडलेल्या माणसाने बसून राहू नये.

हौसाबाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या, फाल्गुनात. त्या सहसा येत नसत. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमी सांगा त्यास्नी. तुमचं छापलेलं ऐकत्यात. माझं न्हाई ऐकत."

"काय सांगू, वहिनी?"

"तालमीत जाऊ नगा म्हनावं. काल घरी आले तर ओठ निळे हुते. मी म्हनलं तर म्हनत्यात, पुण्याचं चांगलं हाय. अवो, चांगलं हाय तर मानूस बसून का झोपतोय?"

मी गुरुजींशी बोललो. नगरच्या डॉक्टरांनी एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही असेही सांगितले होते, याची आठवण दिली. त्यांनी ऐकून घेतले.

"बातमीदार, पंचाला डाऊट आला तर तो काय करतो?"

"कुस्ती चालू ठेवतो."

"मग?"

पाडव्यानंतर घोड नदीकाठच्या एका गावची यात्रेची मंडळी नारळ आणि सुपारी घेऊन आली. पंचाला यात्रेचे आवतण असे नारळ देऊन करतात. तो घरातल्या बाईने ओच्यात घेतला की आवतण स्वीकारले. दुष्काळामुळे त्या वर्षी यात्रा आटोपशीर होती, तमाशा रद्द, कुस्त्या थोड्याच. पण शेवटच्या जोडीवरून दोन गावांत वाद पेटला होता. मागच्या साली ती बरोबरीत सोडवावी लागली होती आणि त्यावरून डोकी फुटली होती. गुरुजी निकाल देणार असतील तरच दोन्ही गावे मानणार होती.

हौसाबाई दारात उभ्या राहिल्या. ओचा पुढे केला नाही.

"वैनी, घ्या की," मंडळींतला एकजण म्हणाला.

"ते आजारी हायेत."

"आता बरं हाय म्हनून ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की. आमच्या घरच्यांस्नी बाजारात तुमीच सांगितलं, पुण्याचं चांगलं हाय."

गुरुजी ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून. पावले सुजून वहाणेत मावत नव्हती, म्हणून अनवाणी. त्यांनी बायकोकडे पाहिले. आज्ञा केल्यासारखे पाहिले नाही, विचारल्यासारखे पाहिले.

"एकच कुस्ती," हौसाबाई शेवटी म्हणाल्या. "शेवटची. बाकीच्या दुसऱ्या कुनी बघाव्यात. आन तितलं मिठाचं काय खायचं न्हाई. आन मी संगं येनार."

"बाया आखाड्याला येत न्हाईत, वैनी."

"मग नारळ न्या माघारी."

नारळ त्यांनी घेतला आणि कुस्तीला त्या गेल्या. हौद्यापासून दूर, एका बैलगाडीच्या आडोशाला पाण्याची कळशी आणि पंचा घेऊन बसल्या. त्यांच्याखेरीज तिथे दुसरी बाई नव्हती. कोणी हटकले नाही.

हौद्यावर सकाळी टँकरमधले थोडे पाणी शिंपडले होते. पिण्याचे पाणी मातीत घालण्यावरून आधी भांडण झाले, मग दोन घागरींवर तडजोड. दुपारपर्यंत ते वाळून गेले. गुरुजी शेवटच्या कुस्तीपर्यंत बाजूला बसून होते. त्यांचे नाव पुकारले तेव्हा ते उठले, हौद्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. चालताना दोनदा थांबले. लोकांना वाटले, रुबाबात चालत आहेत. टाळ्या पडल्या.

दोन्ही पैलवान तोडीस तोड होते. बराच वेळ नुसती खडाखडी झाली, हात भिडवून एकमेकांचा जोर अजमावणे. मग एकाने दुसऱ्याला खाली घेतले आणि गुरुजी पालथे पडले, नेहमीसारखा उजवा गाल मातीला लावून. माती तोंडात जात होती. हात वर झाला आणि हलला. अजून नाही. वरच्या पैलवानाच्या गावाने शिव्या घातल्या. गुरुजी हाताच्या कोपरावर उठले, गुडघ्यावर आले, थांबले, उभे राहिले. पुन्हा तसेच झाले. पुन्हा ते खाली गेले, पुन्हा हात हलला. तिसऱ्या खेपेला ते खाली गेले आणि मैदान गप्प झाले, कारण ते खाली बराच वेळ राहिले. पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळले असेल की ते खांदा पाहत होते की श्वास घेत होते. मग तळहात मातीवर आपटला.

दोन्ही गावांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. जिंकणाऱ्याला त्याच्या गावाने उचलून नेले. हरलेला पैलवान उठून बसला. गुरुजी अजून पालथेच होते. त्याने हात पुढे केला आणि त्यांना उठवले.

"गुरुजी," तो म्हणाला, "दोन्ही?"

"दोन्ही," गुरुजी म्हणाले. "पण लई उशिरा टेकलास, बाळा. शाब्बास."

त्याच्या खांद्यावर हात टाकून ते बैलगाडीपर्यंत आले. हौसाबाईंनी पंचा भिजवला आणि त्यांचा गाल पुसू लागल्या. गुरुजींनी तोंड फिरवले नाही, एरवी फिरवत. पुसताना त्या काही पुटपुटत होत्या. "झालं का मनासारकं? झालं का आता?" गुरुजींनी मान हलवली. बोलायला दम नव्हता.

त्याच आठवड्यात एका पहाटे हौसाबाईंनी माझ्या दाराची कडी वाजवली. मी गेलो तेव्हा गुरुजी गोधड्यांच्या चळतीला टेकून बसलेले होते, हनुवटी छातीवर. छातीत कळ आली, पाणी मागितले, पाणी आणेपर्यंत संपले, एवढेच घडले होते. गाव म्हणाले, किडनीने घेतले. नगरच्या डॉक्टरांना कळवले तेव्हा त्यांनी सगळी हकिगत विचारली आणि म्हणाले, "मूत्रपिंडं अजून काही महिने चालली असती. गेले ते हृदयाने." मग म्हणाले, "मी 'चांगलं' हा शब्द वापरायला नको होता."

यात डॉक्टरांची चूक काढणे अवघड आहे. चांगले कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल हा भेद दवाखान्यांपर्यंत यायला पुढे बरीच वर्षे लागली. नळ्यांतली चरबी उचलून माघारी नेणारे ते चांगले, असे मग वर्तमानपत्रांतूनही छापून येऊ लागले. त्यानंतर आणखी काही वर्षांनी आरोग्याच्या पुरवणीचे काम माझ्याकडे असताना एका लेखात वाचले की, मूत्रपिंडे खराब झालेल्या माणसात हे चांगले कोलेस्टेरॉलही आपले काम नीट करीत नाही. त्याचा आकडा बरा असला तरी त्यावर विसंबता येत नाही. आणि अशी बरीच माणसे मूत्रपिंड पुरते थांबण्याआधीच हृदयाने जातात. गुरुजींच्या रक्तात त्या चांगल्याचा वाटा किती होता हे कोणी मोजले नव्हते. मोजले असते तरी त्याचा अर्थ सांगणारा तेव्हा कोणी नव्हता. लेख मी जागेअभावी थोडा कापला आणि छापायला दिला. हौसाबाई तोपर्यंत राहात्याला मुलीकडे जाऊन वारल्या होत्या. त्यांनी मीठ पुन्हा सुरू केले नव्हते, असे मुलीने सांगितले.

गुरुजींना मी शेवटचे पाहिले ते असे. रिवाजाप्रमाणे गुरुजींना जमिनीवर घेतले. ओसरी शेणाने सारवून घोंगडी अंथरली आणि तालमीतल्या चौघांनी त्यांना उचलून ठेवले. बसल्या जागी प्राण गेल्यामुळे आणि मुलीची वाट पाहण्यात वेळ गेल्यामुळे शरीर आखडले होते. पाय सरळ झाले. पाठ पूर्ण सरळ होईना. उजवा खांदा घोंगडीला लागला होता. डावा लागत नव्हता. त्याच्याखाली बोटभर अंतर होते आणि दारातून येणारा उजेड त्यातून आरपार दिसत होता.

वस्ताद पुढे झाला. त्याने डाव्या खांद्यावर तळहात ठेवला, हलकेच, दाबण्याच्या बेताने.

हौसाबाई भिंतीशी बसल्या होत्या.

"दाबू नगा," त्या म्हणाल्या.

"वैनी, नीट दिसंना..."

"ऱ्हाऊ द्या. त्यो वरच हाय."

वस्तादाने हात काढून घेतला. ओसरीवर तालुक्यातले पैलवान उभे होते, गुरुजींच्या निकालाने हरलेले आणि जिंकलेले. कोणीही पुढे आले नाही. त्यांना तसेच उचलले.